मागची सीट

मोटारसायकलला मुशीचं तेल लावणारा माणूस साऱ्या कतारमध्ये मी एकटाच असेन. लोक हसले, हवालदार हसला, मांजरं तर वस्तीपर्यंत मागं आली. पण कुठलीही वस्तू वर्षभर टिकवायची म्हणजे तिला मुशीचं तेल चोपडायचं, एवढंच मी घरात शिकलो होतो. बाप मचव्यावर तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा मुख्य. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हंगाम संपला की मचवा ओढून वर घ्यायचे, सुटतं ते सगळं सोडवून घरी न्यायचे, फळीन्‌फळी ठोकून बघायचे, कालवं खरवडायचे आणि मग आतून-बाहेरून मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल द्यायचे. वास असा, की आठ दिवस जेवण जायचं नाही. पण लाकूड टिकायचं. लाकूड टिकतं तर लोखंड का टिकू नये, असं माझं गणित.

ही साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा दोह्यात आपलाच रुपया चालायचा, आणि आज जिथं बिन ओमरानच्या इमारती उभ्या आहेत तिथं नुसतं मोकळं माळरान होतं. मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये क्लार्क होतो. त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये माझा जोडीदार फिटर होता. जोडीदार म्हणजे खोलीतला जोडीदार, दोन खाटा, एक स्टोव्ह आणि एक पाण्याचं पिंप यांतला. तो कुलाबा जिल्ह्यातला, ज्याला आता रायगड म्हणतात. आमच्या दोघांच्या गावांमध्ये तीन खाड्या पडतात, पण तिथं तेवढं अंतर म्हणजे शेजारच. एका साहेबानं विलायतेला परत जाताना आपली जुनी मोटारसायकल विकायला काढली आणि आम्ही दोघांनी मिळून ती घेतली.

गाडी साहेबाकडेच म्हातारी झाली होती. पुढं स्प्रिंगांची मोठी सीट, मागं मडगार्डवर दोन बोल्टांनी बसवलेली छोटी चौकोनी सीट. पुढं तो बसायचा, मागं मी. तीन वर्षं हीच रीत. जुम्म्याची नमाज झाली की आम्ही निघायचो, समुद्राच्या कडेकडेनं वकरा गावाच्या बाजूला, आणि मी सबंध वाट त्याच्या उजव्या कानात बोलत असायचो. स्टोअरमधल्या हेडक्लार्कची नक्कल, गावाकडचं पत्र, बापाचा खोकला, काय वाटेल ते. तो बोलणारा माणूस नव्हता. फार तर मान हलवायचा, आणि अगदीच हसू आलं तर त्याच्या पाठीला हिसका बसायचा, तो मला छातीला लागायचा. मी बोलायचो, तो चालवायचा. मला याहून जास्त काही नको होतं, आणि हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं.

मग त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि त्यानं सहा महिन्यांची रजा टाकली. जायच्या आधी महिनाभर त्यानं मला गाडी शिकवली. मी कुरकुर केली, पण त्यानं ऐकलं नाही. ट्रॅफिकच्या ऑफिसात नेऊन लायसन्स काढायला लावलं, आणि गाडीचं पुस्तक त्याच्या नावावर होतं ते माझ्या नावावर करून दिलं. डोक्यात मेंदू असता तर मला तेव्हाच कळलं असतं. पण मला वाटलं, किती व्यवस्थित माणूस आहे.

आगबोटीवर चढताना त्यानं माझा खांदा दाबला आणि म्हणाला, “सहा महिन्यांत येतो. गाडी रस्त्यावर ठेव, मेल्या, गंजायला देऊ नकोस.”

सहाचे नऊ महिने झाले. त्याची खाट कंपनीनं एका मलबारी गृहस्थाला दिली. माणूस सोन्यासारखा, न सांगता माझ्यासाठी चहा ठेवायचा, पण आमची भाषा म्हणजे चार हिंदी शब्द, तेही मोडके. ऑफिसात इंग्रजी, बाजारात हिंदी आणि अरबी मिसळून काहीतरी. दिवसच्या दिवस जायचे आणि तोंडातून मराठीचा एक शब्द निघायचा नाही. संध्याकाळी मी गाडी पुसायला बसायचो आणि तिच्याशी बोलायचो. “काय गं, आज टाकीत धूळ किती” असलं काहीतरी. मलबारी गृहस्थ दारातून बघायचा आणि भलेपणानं आत निघून जायचा.

पत्रं यायची. त्यांत आईची तब्येत असायची, लोकांच्या खुशाल्या असायच्या. कधी येतोस, हे मी दर पत्रात विचारायचो आणि त्याचं उत्तर तेवढं राहून जायचं. मी समजून घ्यायचो. आईजवळ बसलेल्या माणसाला तारीख काय विचारायची?

अशात गाडीच्या तपासणीची वेळ आली. वर्षातून एकदा ट्रॅफिकवाल्यांकडे गाडी न्यायची, ते ब्रेक, हॉर्न, दिवा सगळं बघायचे आणि पुस्तकावर शिक्का मारायचे. शिक्का नाही तर गाडी रस्त्यावर नाही. दरवर्षी हे काम त्याचं. आठ दिवस आधी तो खोलीसमोर गोणपाट अंथरायचा, गाडी उघडायचा, आणि मी शेजारी बसून त्याला पाने द्यायचो, बहुतेक वेळा चुकीचे. तो न बोलता चुकीचा पाना परत ठेवायचा आणि बरोबर तो उचलायचा.

आता पाने उचलणारा मीच होतो. मी त्याला पत्र लिहून विचारलं होतं, काय काय करायचं ते सविस्तर कळव. पण पत्र जायला तीन आठवडे आणि यायला तीन. तारीख उंबरठ्यावर आली तरी उत्तर नाही. माझ्या जिवाला घोर लागला. गाडी नापास झाली तर पुस्तक रद्द होणार, गाडी उभी राहणार, आणि उभ्या गाडीला वर्षभरात तिथली खारी हवा खाऊन टाकते. मग तो परत येणार कशावर? वेड्यासारखंच म्हणा, पण गाडी रस्त्यावर आहे तोवर तो येणार, असं मी मनाशी धरून बसलो होतो. दुसरं धरायला काही नव्हतंच.

म्हणून मग मी माझ्या बापाच्या पद्धतीनं कामाला लागलो. सुटीच्या दिवशी सकाळी गोणपाट अंथरलं आणि सुटतं ते सगळं सोडवलं. गंज खरवडला. मग छोटा हातोडा घेऊन एकेक भाग ठोकून बघितला, मचव्याची फळी बघतात तसा. चांगलं लाकूड टणक बोलतं, कुजकं भद्द बोलतं. तसं ठोकता ठोकता मागच्या सीटखालचं डावं फूटरेस्ट, ज्यावर तीन वर्षं माझाच पाय असायचा, भद्द बोललं आणि बुडातून तुटून हातात आलं. आत नुसता गंजाचा भुगा होता. मी तसाच ते हातात घेऊन बसलो. बापानं म्हटलं असतं, बरं झालं, समुद्रात तुटण्यापेक्षा वाळूत तुटलं.

मग तेल. दोह्याच्या किनाऱ्यावर तेव्हा लाकडी बोटी बांधायचे, दुरुस्त करायचे, आणि त्यांना हेच तेल लावायचे. तिथल्या एका म्हाताऱ्या सुताराकडून मी डबाभर आणलं. झाकण उघडलं आणि एका क्षणात मी घरी गेलो. तो वास मला लहानपणी कधी सोसला नव्हता आणि आता मी डब्यात नाक घालून बसलो होतो. तेलाला हात सैल सुटला माझा. रिमा, आरे, साखळी, फ्रेम, काही सोडलं नाही. ब्रेकचे ड्रम उघडले, तर आत सगळं कोरडं ठणठणीत. लायनर बिचारे सुकून करपल्यासारखे दिसत होते. एवढं कोरडं कुणी कसं ठेवतं, अशी कणव येऊन मी तिथं जरा जास्तच तेल मुरवलं.

हसा. मी स्टोअरचा क्लार्क, ब्रेक-लायनरचे खोके मोजून देणारा माणूस. त्यांचं काम घासून गाडी थांबवायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हात बापाचा, आणि हातानं डोक्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन ट्रॅफिकच्या आवारात गेलो. वाटेत जाणवलं की ब्रेक जरा लोण्यासारखा लागतोय. म्हटलं नवं तेल आहे, मुरेल. तपासणीला एक वयस्कर हवालदार होता, मिशा पांढऱ्या, पोट सुटलेलं, हिंदी मोडकं पण भरपूर. त्यानं जमिनीवर काठीनं एक रेघ ओढली, पलीकडं जाऊन उभा राहिला आणि हातानं खूण केली, की ये आणि रेघेवर थांब. मी आलो, दोन्ही ब्रेक दाबले, आणि रेघेवरून, हवालदाराच्या पोटाशेजारून, पाय घासत घासत पुढं जाऊन आवाराच्या कोपऱ्यातल्या वाळूच्या ढिगात शिरलो.

तो सावकाश चालत आला. वाकून ड्रमशी नाक नेलं. मग दुसऱ्या हवालदाराला हाक मारून त्यालाही वास घ्यायला लावला. दोघं मनमुराद हसले. ही गाडी आहे की बोट, असं त्यानं मला विचारलं, आणि बोट असेल तर इथं नव्हे, बंदरावर तपासतात, म्हणाला.  शेवटी त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. ब्रेक दुरुस्त कर, आणि मागं सीट आहे तर दोन्ही बाजूंना फूटरेस्ट पाहिजेत. आठ दिवसांची मुदत दिली.

दोन दिवसांनी जोडीदाराचं पत्र आलं.

पाकिटावर त्याचं बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर बघून मी ऑफिसातच ते फोडलं. गाडीची कामं एकाखाली एक, नंबर घालून लिहिली होती. प्लग साफ कर. साखळी दोन बोटं ढिली ठेव. हॉर्नची तार बघ, ती दरवर्षी सुटते. चौथ्या नंबरवर होतं: “ब्रेकच्या आत तेल घालू नकोस. तू घालशील म्हणून लिहितोय.” मी एकटाच खुर्चीत मोठ्यानं हसलो. तीन आठवड्यांच्या अंतरावरून या माणसाला माझा हात दिसत होता.

मग पान उलटलं. आमच्या खाडीवर इंजिनाची लाँच आली आहे, त्यानं लिहिलं होतं, माणसं या तीरावरून त्या तीरावर न्यायला. इंजिन समजणारा गावात दुसरा कुणी नाही म्हणून चालवायला मलाच ठेवलं. आईला आता धरून बसवलं की ती खिडकीतून लाँच बघते. कंपनीला राजीनामा याच टपालानं पाठवतोय. आणि शेवटी, सहीच्या वर: “मागची सीट काढून ठेव. तुला आता पुढंच बसायचं आहे.”

मला आधी राग आला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. नऊ महिने माझ्या प्रश्नाला बगल दिली आणि सांगायचं ते गाडीच्या कामांच्या यादीखाली, पाचवं-सहावं काम असावं तसं सांगितलं. लायसन्स, पुस्तकावरचं नाव, सगळं एकदम समोर उभं राहिलं. जाताना त्याला माहीत होतं. निदान निम्मं तरी माहीत होतं. संध्याकाळी खोलीवर जाऊन मी पत्र ट्रंकेच्या तळाशी टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून पडलो. मलबारी गृहस्थानं चहा आणून ठेवला. तो निवला तरी मी उठलो नाही. आईजवळ राहिला, चांगलं केलं, हे मला कळत होतं. पण त्या खोलीत मी आता कुणाशी बोलणार होतो, हे कुणी लिहिलं नव्हतं.

सीट मात्र मी काढायची नाही असं ठरवलं. इरेलाच पेटलो म्हणा ना. तो कोण सांगणारा? सीट माझी होती. लायनर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवले, वाळवले, पॉलिश कागदानं घासले, पुन्हा बुडवले. तीन दिवसांत ब्रेक कर्रकन लागायला लागला. फूटरेस्टसाठी मी सबंध सूक, म्हणजे तिथला बाजार, पालथा घातला. त्या जातीच्या गाडीचं सामान कुणाकडं नव्हतं. वर्कशॉपमधल्या वेल्डरला दाखवलं. तो म्हणाला, फूटरेस्ट बसतं ती नळी पापडासारखी पातळ झाली आहे, ज्योत लावली की भोक पडेल. शेवटी मी तुटका तुकडा घेऊन पुन्हा बोटींच्या सुताराकडं गेलो. त्यानं कपाळाला हात लावला, पण सागवानाचा एक खुंटा तासून दिला, वल्हं अडकवतात तसला, आणि वर लोखंडी कडं ठोकून दिलं. मी तो बसवला, काळा रंग दिला, मागं बसून त्यावर पाय ठेवून बघितला. गाडी स्टँडवर, पुढची सीट रिकामी, आणि मी मागं. बराच वेळ तसा बसलो होतो. 

आठव्या दिवशी पुन्हा ट्रॅफिकच्या आवारात. हवालदारानं मला ओळखलं आणि आधी हवेत वास घेऊन बघितला. रेघ ओढली. मी आलो आणि बरोबर रेघेवर थांबलो. हॉर्न वाजला, दिवा लागला. मग तो मागं गेला, आपला जाड बूट त्या खुंट्यावर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. खुंटा मजबूत होता, तो मोडला नाही. पण ज्या नळीत बसवला होता ती नळीच फाटली आणि खुंटा अख्खाच्या अख्खा जमिनीवर पडला.

मी म्हटलं, आणखी आठ दिवस द्या. तो नाही म्हणाला, पण चिडून नाही. कशाला त्रास करून घेतोस, म्हणाला. मागची सीट आत्ता इथंच काढ, मी पुस्तकात एक माणूस असं लिहितो आणि शिक्का मारतो. नाहीतर गाडी इथंच राहील.

ऊन वर आलं होतं. माझ्या मागं एक ट्रक आणि दोन टॅक्स्या उभ्या होत्या. मी टूलकिटमधून पाना काढला. बरोबरचाच हातात आला, पहिल्या झटक्याला. दोन बोल्ट होते. एक सहज फिरला, दुसऱ्याला जोर लागला. सीट सुटून हातात आली. तिच्यावर माझ्याच बसण्याचा खळगा पडला होता. खाली मडगार्डवर तेवढा चौकोन नव्यासारखा हिरवा, इतक्या वर्षांत ऊन न लागलेला.

हवालदारानं पुस्तकात लिहिलं, शिक्का मारला आणि पुस्तक माझ्याकडं देताना माझ्या बगलेतल्या सीटकडं बोट केलं. कुणाची आहे ही, त्यानं विचारलं.

“माझी,” मी म्हटलं.

त्याला काही कळेना. त्यानं पुढच्या सीटवर थाप मारली. “मग ही?”

“ही त्याची.”

त्यानं सीटवरचा हात उचलला. मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, “तो कधी येणार?”

नऊ महिने हा प्रश्न मी दर पत्रात लिहीत होतो. मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. “खलास,” मी म्हटलं, “तो येत नाही.” ते मी पहिल्यांदाच तोंडानं बोललो होतो, आणि तेही हिंदीत, एका अनोळखी हवालदाराला. त्यानं मान हलवली. मग दोरीचा एक तुकडा शोधून आणला आणि सीट टाकीवर बांधायला स्वतः हात लावला. यल्ला, चल, म्हणाला, बस, मागं गाड्या थांबल्यात.

मी पुढच्या सीटवर बसलो आणि बाहेर पडलो. ब्रेक छान लागत होता. बंदराच्या वळणाशी आलो तेव्हा त्या हवालदाराची, वाळूच्या ढिगाची, खुंट्याची सगळी गंमत सांगावी असं मनात आलं, आणि सवयीनं मी मान पुढं काढून तोंड त्याच्या उजव्या कानाशी नेलं. तिथं नुसता वारा होता.